तारूअक्का आणि टॅग नसलेली बंदूक

आमच्या कंपनीच्या स्टोअरच्या खिडकीपुढे शिव्या चालायच्या, रडगाणी चालायची, साहेब लोकांच्या नकला तर रोज चालायच्या. ‘काय माहीत’ हे दोन शब्द मात्र चालत नसत. ते कुणी उच्चारले की तारूअक्का खिडकीची जाळी खर्रकन खाली ओढायच्या आणि तो माणूस माहीत करून परत येईपर्यंत वर करायच्या नाहीत. मग तो हेल्पर असो नाहीतर प्लँटचा मॅनेजर. मॅनेजरला जाळीबाहेर ताटकळताना मी स्वतः पाहिलंय, आणि तो देखावा कितीही वेळा सांगायला मी तयार आहे.

मी पहिल्याच दिवशी जाळीबाहेर गेलो. क्वालिटीत नवीन लागलो होतो. कुणीतरी एक झाकणबंद क्रेट ट्रॉलीवर ठेवला आणि स्टोअरला ढकलत ने म्हणाला. खिडकीत एक बुटकी, सावळी बाई बसली होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, ॲप्रनचे दोन्ही खिसे फुगलेले. माझ्याकडे न बघताच तिने विचारलं, “भरलंय का रिकामं?”

“काय माहीत. मला फक्त सांगितलं की…”

खर्रकन.

मी झाकण उघडलं. क्रेट रिकामा होता. जाळीवर टकटक करून तसं सांगितलं, तेव्हा जाळी अर्धी वर झाली, दोन हात बाहेर आले आणि त्यांनी क्रेट उचलून, तोलून त्याला लाल टॅग बांधला. “पुन्यांदा हितं येशील तवा तोंड उघडायच्या आदी झाकण उघडत जा.” त्या दिवसापासून त्या मला ‘ए क्वालिटी’ म्हणू लागल्या. माझं नाव त्यांना शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं असं म्हणायला हरकत नाही. माणसांना त्या खात्याच्या नावानेच हाक मारायच्या. एचआरच्या साहेबांना ‘ओ एचआर’ आणि कँटीनच्या ठेकेदाराला ‘ओ पातळ डाळ’.

चाकणला आमची कंपनी गाड्यांचं वायरिंग बनवते. वायरीच्या टोकाला बसवायची पितळी टर्मिनलं झाकणाच्या क्रेटमधून लाइनवर जातात, आणि झाकण लावलं की सगळे क्रेट बाहेरून सारखेच दिसतात. म्हणून टॅग. भरलेल्याला हिरवा, रिकाम्याला लाल. कंपनीने इंग्रजीत छापलेले टॅग दिले होते. ते अक्कांनी कपाटात टाकले आणि पुठ्ठा कापून स्वतःचे बनवले. त्यावर मार्करने ठसठशीत ‘भरलेलं’ नाहीतर ‘रिकामं’, आणि वरच्या भोकात सुतळी. टॅग नसलेला क्रेट लाइनवर उभा राहायचा नाही, हा त्यांचा कायदा होता आणि त्याला अपील नव्हतं.

आणखी एक. त्या कुणाच्या सांगण्यावरून टॅग बांधत नसत. तुम्ही देवाची शपथ घेऊन सांगा की भरलेला आहे, अक्का खिडकीतून हात बाहेर काढून स्वतः क्रेट उचलणार, तोलून बघणार, मगच सुतळीची गाठ मारणार. गुडघे दुखायला लागले तरी हे चालू होतं. मी एकदा चिडून म्हणालो, “अक्का, माझ्यावर एवढा पण विश्वास नाही का?”

त्या दिवशी भाकरी-खर्ड्याचा डबा सोडून बसल्या होत्या. मला वाटलं आता फटकारतील. पण त्या शांतपणे म्हणाल्या, “एकदा ठिवला हुता. जुन्या मॅनेजरवर. ‘भरलेत अक्का, लावा हिरवे’ म्हनला. म्या लावले. निघाले रिकामे. लाइन बंद पडली. नाव कुनाचं आलं? लाइनीवरल्या कंत्राटी पोरीचं. तिला गेटाभायेर काढली. मॅनेजर हितंच, मी हितंच, आन् ती गेली.” मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाल्या, “तवापास्नं उचलून बगती.”

अक्का चिखलीच्या जुन्या गावातल्या. माहेर-सासर दोन्ही तिथलंच. जिथे त्यांच्या वडिलांचा हरभरा व्हायचा तिथे आता बारा-बारा मजली सोसायट्या आहेत. भाऊ नाना पांढऱ्या मोठ्या गाडीतून फिरायचा आणि त्याच्या वाढदिवसाचे फ्लेक्स चौकाचौकात लागायचे. बहीण मात्र ॲप्रनची पिशवी हँडलला अडकवून स्कूटीवरून शिफ्टला यायची. नानाला याची लाज वाटायची. अक्कांना नानाच्या फ्लेक्सची वाटायची. हिशेब बरोबर होता.

युनियनशी अक्कांचं कधी जमलं नाही, हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे लोकांनी त्यांना फार मोठ्या कामगार पुढारी वगैरे करून टाकलं. भाषण सुरू झालं की त्या स्कूटीला किक मारायच्या. “लई मोठं झाकन हाय,” एका पुढाऱ्याबद्दल म्हणाल्या होत्या, “उचलून बगितलं तर आत काय न्हाई.” अशा या बाई, रिटायरमेंट तोंडावर आलेली, नोकरी पर्मनंट. गेटवर जे चाललं होतं त्याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

गेटवर काय चाललं होतं ते असं. कंपनीने लेबरचा ठेकेदार बदलला, आणि नव्या ठेकेदाराने जुन्या पोरींना घ्यायला नकार दिला. वर्षानुवर्षं लाइनवर वायरी ओवणाऱ्या पोरी, कुणी परभणीच्या, कुणी लातूरच्या, भोसरीत एकेका खोलीत चौघी-पाचजणी राहणाऱ्या. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की ठेकेदार कुणीही असो, काम आमचं आहे, आम्हाला आत घ्या. त्या गेटसमोर रस्त्याच्या कडेला बसल्या. घोषणा द्यायच्या, दुपारी डबे खायच्या, संध्याकाळी उठून घरी जायच्या. बंदोबस्ताला काठ्या घेतलेले नेहमीचे पोलीस होते. ते टपरीवर चहा प्यायचे, पोरींशी गावाकडचं बोलायचे. दगड सोडा, कुणी साधा खडाही उचलला नव्हता.

मग एके दिवशी दुपारी एक निळी गाडी आली. तिच्यातून काळ्या कपड्यांतली चार माणसं उतरली. तोंडाला काळं फडकं, डोक्यावर शिरस्त्राण आणि हातात लांब काळ्या बंदुका. त्यांनी काही केलं नाही. एक शब्द बोलले नाहीत. नुसते पोरींच्या रांगेसमोर, पाय फाकवून, बंदूक छातीवर आडवी धरून उभे राहिले. पगार थकल्यावर रडणाऱ्या, झुरळाला भिणाऱ्या पोरी त्या. त्यांच्यासमोर सरहद्दीवरची हत्यारं आणून उभी केली. मी टपरीवर होतो, आणि माझ्या हातातला चहा तसाच गार झाला. आजही त्याचा राग येतो.

आणि ती युक्ती लागू पडली, हे मान्य करायला पाहिजे. टपरीवर नुसते तर्क. कुणी म्हणे एके सत्तेचाळीस आहे, कुणी म्हणे आत रबराची गोळी असते, कुणी म्हणे छर्रे असतात आणि डोळाच जातो. कुणीतरी फोटो काढून पाठवले, ते गावाकडे पोचले, आणि तासाभरात पोरींचे फोन वाजायला लागले. एकीचा बाप, एकीचा दीर, एकीची सासू. दुसऱ्या दिवशी रांग निम्मी झाली. तिसऱ्या दिवशी त्याहून कमी. गोळी एकही सुटली नव्हती आणि माणसं पटापट गळत होती.

त्या दिवशी पहिली शिफ्ट सुटल्यावर अक्का स्कूटी ढकलत गेटबाहेर आल्या. मनीषा म्हणून एक परभणीची पोर होती, लाइनवर सगळ्यात जलद हाताची. ती एकटीच घोषणा देत होती आणि तिचा आवाज बसला होता. अक्का थांबल्या.

“बाकीच्या कुटं गं?”

“गेल्या, अक्का. लई भ्याल्यात. माजी माय पन सारकी फोन करायलीय, निघून ये म्हनून. ती बंदूक बगा की.”

अक्कांनी चष्मा वर सरकवून बंदुकीकडे बघितलं.

“भरलीय का रिकामी?”

“काय म्हाईत,” मनीषा म्हणाली.

मी टपरीवरून बघत होतो. मला खरंच वाटलं की आता कुठून तरी जाळी खाली येणार. अक्कांनी स्कूटी स्टँडवर लावली. ॲप्रन अंगावरच होता. त्या सरळ रस्ता ओलांडून त्या चौघांतल्या पहिल्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचं डोकं जेमतेम त्याच्या बंदुकीपर्यंत पोचत होतं.

“ए बाबा. ही भरलीय का रिकामी?”

फडक्यामागून उत्तर आलं नाही. डोळे समोर, अक्कांच्या डोक्यावरून पलीकडे. अक्कांनी पुन्हा विचारलं. तेवढ्यात बंदोबस्ताचे इन्स्पेक्टर लगबगीने आले.

“ओ बाई, मागे व्हा. इथे उभं राहायचं नाही.”

“जाते की, साहेब. एकच इचारायचंय. भरलीय का रिकामी?”

“ते तुम्हाला कशाला पाहिजे?”

“भरलेली आसंल तर ह्या पोरींच्या आयांना फोन लावून तुमी सोता सांगा, की तुमच्या लेकीसाटी भरून आनलीय म्हनून. आन् रिकामी आसंल तर मग आनली कशापायी?”

“बंदोबस्ताचा भाग असतो तो. तुम्हाला नाही कळायचं.”

“मला कळतंय. ह्यांना म्हाईत न्हाई ना, म्हनूनच त्या भ्याल्यात. तुमाला बी त्येच पायजे.” अक्कांनी दोन्ही खिशांत हात घातले आणि एका हातात हिरवा, एका हातात लाल टॅग धरून पुढे केला. “ह्यातला खरा कुटला, तो लावा. आमच्यात टॅग नसलेला क्रेट लायनीवर हुबा ऱ्हात न्हाई.”

आधी मनीषा हसली. बसलेल्या घशातून फाटकं हसू आलं, पण आलं. मग तिच्या शेजारची. मग टपरी. गेटच्या आत वॉचमन हसला. बाजूला उभ्या असलेल्या दोन लेडी कॉन्स्टेबलनी तोंडाला रुमाल लावला. अक्का एकट्या हसत नव्हत्या. त्या खरोखर उत्तराची वाट बघत होत्या. ही त्यांची गंमत त्यांनाच कळायची नाही.

इन्स्पेक्टरांचा चेहरा लालेलाल झाला. सरकारी कामात अडथळा, गुन्हा दाखल, आत टाकीन, सगळं म्हणून झालं. अक्कांनी ऐकून घेतलं. ते संपल्यावर म्हणाल्या, “ह्यात भरलेली का रिकामी ते आलं न्हाई, साहेब.” आणि उत्तर येत नाही हे दिसल्यावर त्या रस्ता ओलांडून परत आल्या आणि मनीषाच्या शेजारी जमिनीवर बसल्या. गुडघे वाकताना तोंडातून ‘आई गं’ निघालं ते मला टपरीवर ऐकू आलं. पर्मनंट कामगाराचा ॲप्रन घालून कंत्राटी पोरींच्या रांगेत बसलेलं माणूस आमच्या गेटवर त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, “अक्का, कंपनीवाले आतून बघतायत. कॅमेरा आहे.”

“बगू दे की. मी लपलीय व्हय? ए क्वालिटी, पानी आन जरा. तोंडाला कोरड पडलीय. पाय बग, अजून कापत्यात.”

पाय खरंच कापत होते. साडीच्या निऱ्या हलत होत्या. ही बाई घाबरत नव्हती असं आता लोक सांगतात. साफ खोटं आहे. घाबरली होती आणि बसली होती.

रात्रीतून टॅगची गोष्ट भोसरीतल्या खोल्याखोल्यांत पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी शिफ्टला आलो तर गेटसमोरची रांग पुन्हा भरलेली, पहिल्या दिवसापेक्षा लांब. आणि प्रत्येकीच्या गळ्यात सुतळीने बांधलेला लाल पुठ्ठा. कुणी वहीचं कव्हर रंगवलेलं, कुणी मिठाईचा खोका कापलेला. त्यावर एकच शब्द होता: ‘रिकामं’. ही कल्पना मनीषाची. त्या काळ्या कपड्यांच्या रांगेसमोर तिने दोन्ही हात वर करून तळवे दाखवले. “आमी आमचा टॅग लावलाय, साहेब. आमच्या हातात काईच न्हाई. आता तुमचा लावा.” सगळ्या पोरींनी हात वर केले. वायरीवर टर्मिनल दाबून बसवायचं क्रिम्पिंग करून करून चिरा पडलेली बोटं, नखांत काळं, आणि ते सगळे हात मोकळे. घोषणा कुणी दिलीच नाही. नुसते हात वर.

अक्का पहिल्या शिफ्टला, रांग बसायच्या आधीच, आत गेल्या होत्या. खिडकीतून त्यांना गेट दिसत नव्हतं. मी जाऊन सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “सुतळीची गाठ नीट हाय ना? सुटती नायतर.” मग चष्मा काढून पुसला, आणि बराच वेळ पुसत राहिल्या.

दुपारनंतर त्या चार बंदुका निळ्या गाडीत जाऊन बसल्या. निघून गेल्या नाहीत, गाडीत बसल्या, काचा वर करून. एवढंच. पण पोरींना ते पुष्कळ होतं. पुढे बोलणी झाली. कंपनीने बऱ्याच पोरींना परत घेतलं. सगळ्यांना नाही. मनीषाला घेतलं नाही, ती आता भोसरीत दुसरीकडे आहे आणि तिथेही भांडते असं ऐकतो.

अक्कांना मात्र कंपनीने सोडलं नाही. चौकशी लावली. कंपनीची शिस्त मोडली, पोलिसांशी उद्धट वर्तन केलं. एचआरने सोपा रस्ता सुचवला. इन्स्पेक्टर साहेबांची माफी मागा, आम्ही चौकशी बंद करतो, थोडी वर्षं राहिलीत, मानाने रिटायर व्हा. नानाने तर स्वतः गाडी पाठवली, दोन माणसं पाठवली, आणि शेवटी स्वतः आला. स्टोअरच्या खिडकीपुढे उभा राहून म्हणाला, “तारे, काय चालवलंयस? माझी वर उठबस हाय. साहेब मला फोन करत्यात. माफी मागून टाक, तुझं काय जातंय?”

“मागते,” अक्का म्हणाल्या. “त्यांनी उत्तर देऊ दे. मी इचारलं, त्यांनी सांगितलं, आन् तरी बी म्या आगाऊपना केला आसंल, तर पाया पडून मागते. पर आदी उत्तर.”

“आगं, पोलिसाला आसं इचारतात व्हय?”

“मंग कुनाला इचारू? बंदूक त्यांच्या हातात हाय. तुला म्हाईत हाय का, भरलेली हुती का रिकामी?”

“मला काय माहीत?” नाना चिडून म्हणाला.

खर्रकन.

नानाच्या नाकासमोर ती जाळी पडलेली सबंध स्टोअरने पाहिली. कुणी हसायला धजलं नाही. मी पाठ फिरवून हसलो.

माफी त्यांनी मागितली नाही. कंपनीने त्यांना काढलं. त्या दिवशी त्यांनी सगळे क्रेट एकदा उचलून बघितले, नव्या स्टोअरवाल्याला सगळे टॅग मोजून न देता तसेच ओंजळीने दिले, आणि खिडकीची जाळी त्याच्या हाताने एकदा ओढून घेतली. “खर्र आवाज आला पायजे,” म्हणाल्या, “त्येल घालू नगस.” ‘येते रे क्वालिटी’ म्हणाल्या आणि स्कूटीला किक मारून गेल्या. मला त्यांचा फार अभिमान वाटला आणि फार वाईट वाटलं, दोन्ही एकदम, आणि आजही तसंच वाटतं.

आता बंदोबस्ताला अशा बंदुका सर्रास दिसतात. मोर्चा असो, मिरवणूक असो, नुसतं निवेदन द्यायला गेलेली माणसं असोत, दोन-चार काळ्या नळ्या उभ्या असतातच. लोकांनाही सवय झाली आहे. कुणी काही विचारत नाही.

अक्कांना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या उन्हाळ्यात, चिखलीच्या रस्त्यावर. आदल्या दिवशी एका कंटेनरखाली स्कूटीवरची एक बाई गेली होती, आणि सोसायट्यांमधली आणि जुन्या गावातली माणसं रस्ता अडवून बसली होती. शिफ्टच्या वेळात जड गाड्या बंद करा, एवढं त्यांचं मागणं. मी मोटरसायकल बंद करून गर्दीच्या मागे उभा होतो. पुढच्या ओळीत, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, हातात काठी घेतलेली एक बुटकी म्हातारी. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. नाना कुठे दिसला नाही. त्याचा फ्लेक्स मात्र वर होता.

पोलिसांची गाडी आली. तिच्यातून तशीच काळ्या कपड्यांतली, बंदुका घेतलेली माणसं उतरली. बसलेल्या माणसांत चुळबूळ झाली, मागच्या दोघी-तिघी पोरांना घेऊन उठल्या. मी गर्दीतून पुढे सरकायला लागलो, कारण पुढे काय होणार ते मला माहीत होतं. अक्का काठी टेकत खुर्चीतून उठल्या आणि सगळ्यात पुढच्या शिपायासमोर जाऊन उभ्या राहिल्या. पोरगेलासा होता तो. फडकं गळ्यात सरकलेलं, ओठावर घाम.

“भरलीय का रिकामी, बाळा?”

त्याने साहेब कुठे आहेत ते बघितलं. साहेब फोनवर होते. मग तो मान खाली घालून, ओठ फारसे न हलवता म्हणाला, “रिकामी आहे, आजी.”

मला नीट ऐकू आलं. पुढच्या ओळीलाही आलं, आणि ते मागे मागे जात राहिलं. रिकामी आहे. रिकामी आहे म्हणे. उठलेल्या बायका पुन्हा बसल्या. इतक्या वर्षांत त्या प्रश्नाला मिळालेलं हे पहिलं उत्तर. मला वाटलं, आता तरी अक्का हसतील.

अक्कांनी काठी डाव्या हातात घेतली. कमरेच्या पिशवीतून सुतळी ओवलेला एक मळका लाल टॅग काढून दातात धरला, आणि उजवा हात बंदुकीकडे पुढे केला.

“आन हिकडं,” टॅग दातात तसाच ठेवून त्या म्हणाल्या. “उचलून बगितल्याबिगर मी बांधत न्हाई.”

“आजी, अशी नाही देता येत,” तो म्हणाला, आणि एक पाऊल मागे सरला. अक्का एक पाऊल पुढे गेल्या. तो आणखी मागे सरला. बंदूक छातीशी कवटाळून तो गाडीच्या दिशेने मागे मागे जात होता, आणि अक्का मोकळा हात पुढे करून, दुखऱ्या गुडघ्यांनी, त्याच्यामागे चालल्या होत्या.